काय हशील?

वऱ्हाडात धामणगावं बरीच, म्हणून प्रत्येकाला ओळखीचं शेपूट लागतं. अचलपूरकडचं ते धामणगाव गढी. बुलडाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातलं ते धामणगाव बढे. आणि मुंबई-नागपूर मार्गावर, चांदूर आणि पुलगावच्या मधलं, ते धामणगाव रेल्वे. धामण हा साप, तसं धामण हे झाडही. यवतमाळच्या वाटेवरचं बाभुळगाव पाहिलं, गावोगावची पिंपळगावं-वडगावं आठवली, की झाडाचाच दावा जड वाटतो. पण शब्दांच्या मागे लागलेल्या माणसाला मूळ नावापेक्षा शेपटाची गोडी जास्त, कारण गावात वट कोणाचा होता हे शेपूटच सांगतं. गढी म्हणजे गावच्या वतनदाराचा मातीचा कोट. रेल्वे म्हणजे १८६७ साली नागपूर गाठणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनी. शेजारी चांदूरचीही हीच वाटणी झाली: एक चांदूर बाजार, एक चांदूर रेल्वे.

हीच शेपटं घेऊन राज्यघटना उघडावी. सातव्या अनुसूचीत रेल्वे ही केंद्राच्या सूचीतली २२ वी नोंद. बाजार आणि जत्रा ही राज्याच्या सूचीतली २८ वी. तोच बाजार पुढे अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांच्या यादीत, पुन्हा २२ व्या क्रमांकावर भेटतो. गढी कोणत्याच सूचीत नाही. ती निवडणुकीच्या दिवसांत कुठे असते हे कळायला सूची लागतही नाही. धामणगावचं तर आणखी एक नाव आहे, दत्तापूर. स्टेशनावरची पाटी धामणगावची, पोलीस ठाणं दत्तापूरचं. एकाच गावाला दिल्ली एका नावानं ओळखते आणि मुंबई दुसऱ्या, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

सत्ता वरून खाली कशी आणावी यावर आपल्याकडे समित्या आणि अहवाल उदंड झाले. त्यात शब्दही उदंड झाले. या शब्दांना त्यांचा गाव विचारत गेलं तर अहवालात न लिहिलेलं बरंच हाती लागतं.

सुरुवात तालुक्यापासून. शब्द अरबी. 'अलक' म्हणजे चिकटणं, लोंबकळणं. त्यावरून 'तअल्लुक' म्हणजे संबंध, आणि 'तअल्लुका' म्हणजे कोणाच्या तरी ताब्याशी जोडलेला मुलूख. जिल्हाही अरबीच. 'जिलअ' म्हणजे बरगडी, आणि त्यावरून बाजू. त्रिकोणाची बाजूसुद्धा तीच. म्हणजे जिल्हा ही कोणाची तरी बरगडी आणि तालुका तिला लटकलेला. धड कुठे आहे ते शब्द सांगत नाहीत. सांगणार तरी काय? धड कधी आग्र्याला होतं, कधी हैदराबादला, कधी कलकत्त्याला, पुढे नागपूरला, आता मुंबईला. बरगडी तेवढी जागची हलली नाही.

धामणगावहून पुलगावला जाताना गाडी वर्धा नदी ओलांडते. अबुल फजलनं वऱ्हाड हे नाव याच नदीवरून लावलं होतं: वर्दा-तट. 'विदर्भ'शी नातं जोडणारेही आहेत. पण इंग्रजी अमदानीत या नदीला आणखी एक मान होता. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मध्यप्रांत. म्हणून सरकारी कागदांत अलीकडे चांदूर 'तालुका' आणि पलीकडे आर्वी 'तहसील'. काम तेच, साहेब तोच, तहसीलदार. नदी ओलांडली की लटकणारा शब्द संपून गोळा करणारा शब्द सुरू होई.

कारण तहसील म्हणजे गोळा करणं. अरबी ह-स-ल या धातूचं कुटुंब मोठं आहे. 'हासिल' म्हणजे मिळालेलं, 'महसूल' म्हणजे जे मिळवलं ते, आणि 'तहसील' म्हणजे मिळवण्याची क्रिया. तहसीलदार म्हणजे वसुली ज्याच्या हाती तो. वसूल आणि वासलात मात्र या घरचे नाहीत. ते 'पोहोचणे' या अर्थाच्या वेगळ्या धातूचे. हासिलनं मराठीत आणखी एक संसार थाटला. कचेरीतून तो स्वयंपाकघरात आला, 'हशील' झाला, आणि आता रडून काय हशील, बोलून काय हशील, असं आपण दिवसातून दहादा म्हणतो. शेतकऱ्यानं पिकवावं, सरकारनं हासिल न्यावं, आणि मागे उरलेल्यानं 'काय हशील?' विचारावं, एवढा इतिहास त्या एका प्रश्नात बसला आहे.

इंग्रजीतला कलेक्टर म्हणजे तरी कोण? शब्दशः तहसीलदारच, गोळा करणारा. मराठीनं त्याला 'जिल्हाधिकारी' करताना गोळा करणं तेवढं वगळलं. वऱ्हाडात इंग्रजांच्या काळी कलेक्टर नव्हता, डेप्युटी कमिशनर असे. कलेक्टर आला तो विदर्भ मुंबई राज्यात गेल्यानंतर. तसंच पटवाऱ्याचं. तलाठी हा मुंबईकडून आलेला शब्द. कागदावर तो केव्हाच स्थिरावला, पण पऱ्हाटीला पाणी देऊन घरी परतलेला वऱ्हाडी माणूस सातबाऱ्यासाठी अजून 'पटवाऱ्याकडे' जातो. आणि काम पुढे सरकलं की 'तहसीलले' जातो. मोगल गेले, निजाम गेला, इंग्रज गेले, मध्यप्रांत मोडला, द्वैभाषिक मुंबई राज्य मोडलं, तहसील टिकली. वसुलीचे शब्द चिवट.

आता लोकांच्या हाती कारभार देणाऱ्या संस्थांची नावं पाहू. ती मात्र दर पिढीला कात टाकतात.

लॉर्ड रिपनचा ठराव १८८२ चा. त्यातून 'लोकल सेल्फ गव्हर्नमेंट' हा शब्द देशभर फिरला आणि मराठीत 'स्थानिक स्वराज्य' होऊन बसला. स्वराज्यासारख्या मोठ्या शब्दाआधी 'स्थानिक' लावलं की तो गटारं आणि दिवाबत्तीपुरता उरतो, ही किमया इंग्रजांना साधली. वऱ्हाडात ते स्वराज्य १८८५ च्या बेरार रूरल बोर्ड्स लॉ आणि १८८६ च्या बेरार म्युनिसिपल लॉ या दोन कायद्यांनी आलं. इथला 'लॉ' शब्द लक्षात घ्यावा. १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं, पण कागदोपत्री मालक निजामच. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कायदेमंडळाचा 'ॲक्ट' इथे आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर जनरलच्या हुकमानं कायदा येई आणि त्याचं नाव 'लॉ'. १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाडचा कायमचा मक्ता झाला, १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडलं गेलं, तरी ही गुंतागुंत सुटली नाही. लोकांना सत्ता देणारा पहिला कायदाच असा, की जो करताना लोकांचा कोणताही प्रतिनिधी कुठे बसलेला नव्हता.

याच मालिकेतला १८९७ चा बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ. शेतमालाच्या बाजारावर देखरेख ठेवणारा देशातला हा पहिला कायदा मानतात. त्याआधी १८८६ मध्ये कारंजाचा कापूस बाजार नियमित झाला होता. कापसाचा भाव, माप, अडत, दलाली यांवर नजर ठेवायला कमिटी आली. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशननं बोट ठेवलं ते नेमकं या कमिटीवर: तिच्यात व्यापारी होते, कापूस पिकवणारा नव्हता. अडत्या आणि जिनवाला बसून ठरवणार, आणि बंडीवाला उभा राहून ऐकणार. कमिटी म्हणजे ज्याच्याकडे काम सोपवलं तो गट; कोणी सोपवलं हे विचारायचं राहून गेलं होतं.

म्युनिसिपालटीलाही वऱ्हाडातली जुनी माणसं 'कमेटी' म्हणत, कारण मध्यप्रांताच्या १९२२ च्या नगरपालिका कायद्यात ती म्युनिसिपल कमिटीच होती. रूरल बोर्डांच्या जागी पुढे डिस्ट्रिक्ट कौन्सिलं आली. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले ते याच काळात, १९२८ च्या सुमारास. शिक्षणाच्या कामाला पैसा हवा तर कर लावण्याचं धाडस स्थानिक संस्थेनं करावं, असं मानणारा तो माणूस होता.

मग १९४८. मध्यप्रांत-वऱ्हाडचे स्थानिक स्वराज्य मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांनी डिस्ट्रिक्ट कौन्सिलं मोडली आणि प्रत्येक तहसील-तालुक्याला एक 'जनपद सभा' दिली. शब्द पाणिनीच्या काळचा. जन म्हणजे लोकसमूह, पद म्हणजे पाऊल. जिथे जनानं पाय रोवला ते जनपद. बौद्ध ग्रंथांतली सोळा महाजनपदं शाळेत आपण पाठ केलेली असतात. वसुलीवरून नाव पडलेल्या तहसिलीला तिथल्या माणसांवरून नाव देण्याचा हा बहुधा एकमेव सरकारी प्रयत्न. तो चौदा वर्षं टिकला. महाराष्ट्रात वसंतराव नाईक यांच्या समितीचा अहवाल १९६१ मध्ये आला, त्याच वर्षी कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. नाईक पुसदकडचे, म्हणजे धामणगाव स्टेशनावर उतरून ज्या जिल्ह्याकडे लोक पूर्वी जात त्या यवतमाळचेच. जनपद सभा इथे बुडाल्या. अमरावती जिल्ह्याची उत्तरेची शीव ओलांडून बैतूलकडे जावं तर आजही 'जनपद पंचायत' अशी पाटी दिसते. मध्य प्रदेशानं शब्द ठेवून घेतला.

नव्या तिन्ही पायऱ्यांना नावं चांगली लाभली. परिषद म्हणजे भोवती बसणं. समिती म्हणजे एकत्र येणं. सभा तर सर्वांची. अथर्ववेदात सभा आणि समिती या प्रजापतीच्या दोन मुली आहेत. 'ग्राम' शब्दाचं मूळ जरा खोडकर. वेदकाळी तो एका जागी वसलेल्या घरांचा समूह नव्हता, गुरंढोरं घेऊन फिरणारा जथा होता, आणि असे दोन जथे समोरासमोर आले की 'संग्राम' होई. ग्रामसभेला एकदा जाऊन आलेल्या माणसाला ही व्युत्पत्ती पटवून द्यावी लागत नाही. आणि उपसरपंच? त्यातला 'उप' संस्कृत, 'सर' फारसी, 'पंच' पुन्हा संस्कृत. दोन संस्कृतांच्या मधोमध एक फारसी डोकं बसलं आहे आणि कोणालाही ते खुपत नाही. पंचांनी मात्र मराठीत स्वतःची शोभा करून घेतली: पंचांनी बसून निवाडा करण्याची ती पंचायत, आणि माणूस पेचात सापडला की त्याची होते तीही पंचाईतच.

शब्दांचा आणखी एक खेळ आहे, चढणाऱ्यांचा आणि उतरणाऱ्यांचा. आज 'राज्य' आणि 'सरकार' हे दोन्ही शब्द वर बसलेले दिसतात. ते मुळात तिथले नाहीत. मोगल अमदानीत वऱ्हाड हा सुभा होता आणि त्याचे तुकडे होते 'सरकार': सरकार गाविल, सरकार नरनाळा, सरकार पवनार, सरकार माहूर. सरकार म्हणजे सुभ्याच्या पोटातला जिल्हाच. त्याहीआधी वाकाटकांच्या काळी 'भोजकट राज्य' हा राजाच्या मुलखाचा एक विभाग होता. भोजकट म्हणजे अमरावतीजवळचं आजचं भातकुली असं अभ्यासक मानतात. भातकुलीचं राज्य आणि गाविलगडचं सरकार, असे हे दोन्ही शब्द इथल्या मातीत मोठे झाले, आणि मोठे झाल्यावर मुंबई-दिल्लीला निघून गेले.

उतरलेले त्याहून जास्त. सुभेदार हा सुभ्याचा धनी; आता तो फौजेतला एक हुद्दा. कोतवाल शहराचा बंदोबस्त ठेवी. गावात आला आणि पटवाऱ्याच्या हाताखालचा निरोप्या झाला. देशमुखाच्या नावातला 'देश' म्हणजे परगणा. परगणे संपले, मुख आडनावात राहिलं. सगळ्यात उंच उतरण निजामाच्या घराण्याची: १९३६ मध्ये त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. त्या प्रिन्सला बेरारातला एक पटवारीही बदलता येत नव्हता.

या उतरणीच्या उलट एक चढण अगदी परवाची. गावात सरकारचा जो माणूस पंचायतीचं दप्तर सांभाळी त्याला आजवर 'ग्रामसेवक' म्हणत. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एक झाली आणि नाव ठरलं 'ग्रामपंचायत अधिकारी'. त्याच वर्षी तलाठ्याचा 'ग्राम महसूल अधिकारी' झाला. त्यांच्या कामाचा बोजा मोठा, मागण्या रास्त. पगार-बढतीशी कोणाचं भांडण नाही. पण लोकांच्या हाती सत्ता द्यायची म्हणून उभ्या केलेल्या घरातून 'सेवक' गेला आणि 'अधिकारी' आला, हे शब्दाच्या वहीत नोंदवून ठेवलंच पाहिजे.

'सरकार' शब्दाला गावात परत आणण्याचा एक प्रयत्न विदर्भातच झाला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावानं घोषणाच तशी केली: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार असेल, आमच्या गावात आम्हीच सरकार. पुढे २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत मेंढा होतं. तिथे शब्दामागे जंगल होतं, बांबू होता आणि बांबूचा पैसा होता.

'शासन' हा शब्द जरा बिचकवणारा. संस्कृतात शास् म्हणजे हुकूम करणं, शिकवणं आणि शिक्षाही करणं. मराठीनं तिन्ही अर्थ राखले. शासन निर्णय निघतो, आणि गुन्हेगाराला कडक शासनही होतं. २०२३ मध्ये 'शासन आपल्या दारी' अशा पाट्या लागल्या तेव्हा ज्यांनी दुसरा अर्थ वाचला त्यांना दोष कसा द्यावा? प्रशासक याच कुळातला. २०२२ च्या मार्चमध्ये मुदती संपल्यावर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि वर्षानुवर्षं बसून राहिले. 'परिषद' म्हणजे भोवती बसणं. या काळात भोवती कोणी नव्हतं, मधे एक साहेब होते.

'शासन' शब्दाचा जुना अर्थ मात्र वेगळा होता. ताम्रपटावर कोरलेली राजाची सनद म्हणजे 'शासन'. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातला. भोजकट राज्यातलं, मधुनदीच्या काठचं चर्मांक हे गाव त्यानं एक हजार ब्राह्मणांना दिलं, राजमापानं ८००० भूमी. ताम्रपटातल्या सवलती वाचण्यासारख्या आहेत: गावात राजाचे शिपाई शिरायचे नाहीत, करांचा तगादा लावायचा नाही. आणि लगेच अटीही आहेत. जोवर हे लोक राजद्रोह करत नाहीत, चोरी-व्यभिचार करत नाहीत, लढाईला उभे राहत नाहीत, तोवरच हे दान. नाहीतर राजा गाव परत घेईल. सत्ता देताना परत घेण्याचं कलम त्याच पत्र्यावर कोरून ठेवण्याची रीत दीड हजार वर्षांची आहे. आणि दान मिळालं ते हजार ब्राह्मणांना. गावात आधीपासून नांगर धरणारे कोण होते, त्यांचं नाव पत्र्यावर नाही. गावाला सत्ता म्हणजे गावातल्या कोणाला, हा प्रश्नही तेवढाच जुना.

'विकेंद्रीकरण' हा अहवालांचा लाडका शब्द. नाईक समितीचं नावच 'लोकशाही विकेंद्रीकरण समिती' होतं. त्यातलं केंद्र संस्कृतात आलं ते ग्रीकांच्या ज्योतिषातून. ग्रीक 'केन्ट्रॉन' म्हणजे टोकदार खिळा, कंपासाचं रोवलेलं टोक, आणि बैलाला टोचायची पराणीसुद्धा. कुंडलीत पहिलं, चौथं, सातवं, दहावं ही घरं केंद्रं झाली, तिथून भूमितीत वर्तुळाचा मध्य, आणि मग दिल्ली. पण मराठीत या शब्दाची एक गंमत झाली. आज धामणगाव तालुक्यातल्या कोणत्याही गावात उभं राहावं; अंगणवाडी केंद्र, आरोग्य उपकेंद्र, मतदान केंद्र दिसतं, शाळांवर केंद्रप्रमुख असतो, बी-बियाण्यांचं दुकान म्हणजे 'कृषी केंद्र', आणि हंगामात कापूस खरेदी केंद्र. केंद्र गल्लीबोळात पोहोचलं. वर्तुळाला इतके मध्य झाले तर भूमिती मोडेल. कारभाराची मोडली नाही, कारण यातलं प्रत्येक केंद्र खालून वर कळवतं आणि वरून आल्यावर वाटतं. ठरवणारं केंद्र एकच राहिलं. पराणी अजून त्याच हातात आहे.

म्हणून पैशाचे शब्द पाहिल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. वतनदारीच्या काळी देशमुख-देशपांड्यांना मिळे ते 'रुसूम', पाटलाला मिळे तो 'हक्क'. अरबी 'हक' म्हणजे सत्य, रास्त ते. गावची वसुली वर पाठवण्याआधी हक्काचा वाटा बाजूला निघे. ती व्यवस्था जातीच्या उतरंडीवर उभी होती. महाराला मिळे ती बेगार, आणि डॉ. आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध उगीच लढा दिला नाही. ती गेली हे बरंच झालं. पण तिच्याबरोबर एक व्याकरणही गेलं: आधी गावचं ठेवायचं, मग वर पाठवायचं.

आजचं व्याकरण उलटं. गावपातळीवरचा शब्द आहे 'निधी'. संस्कृतात निधी म्हणजे पुरून ठेवलेला खजिना, आणि तो नशीबवानाला सापडतो. फलकांवर वाचा: निधी 'आला', निधी 'आणला', निधी 'मंजूर झाला'. निधी 'जमवला' किंवा 'ठेवला' असं कुठे वाचायला मिळत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचे पुन्हा दोन भाग, बंधित आणि अबंधित. ६० टक्के बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. ४० टक्के अबंधित. सरपंचाच्या तोंडी हे शब्द आता इतके रुळले आहेत की बांधलेल्या पैशात काही विचित्र आहे असं कोणाला वाटेनासं झालं.

ग्रामपंचायतीचा स्वतःचा म्हणावा असा पैसा घरटॅक्सच्या पावतीवर सापडतो. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी, असे चार-पाच रकाने, आणि त्यामागे 'नमुना ८' ही आकारणीची वही. एकाच गावचे हे दोन कागद शेजारी ठेवावेत: शेताचा सातबारा आणि घराचा नमुना ८. ज्यातून गाव जगतं ती जमीन सातबाऱ्यावर, म्हणजे महसुलाकडे, आणि साहेब तहसीलचा. ज्यात गाव झोपतं ते घर नमुना ८ वर, म्हणजे पंचायतीकडे. मिळकतीचा कागद वरच्याकडे, छपराचा खालच्याकडे.

शहराचीही तीच तऱ्हा. नगर परिषदेला पूर्वी जकात होती. अरबीत जकात म्हणजे धर्मानं सांगितलेलं दान. मराठीत तिचा नाक्यावरचा कर झाला. गावात येणाऱ्या मालावर गावानंच बसवलेला कर. १९९९ मध्ये महाराष्ट्रातल्या नगर परिषदांची जकात गेली आणि तिच्या जागी आलं 'अनुदान'. दानाचा कर झाला होता, कराचं पुन्हा दान झालं. 'अनु' म्हणजे मागून. अनुदान मागून येतं. विदर्भाच्या राजकारणाचा आवडता शब्दही याच उपसर्गाचा: 'अनुशेष'. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचं ठरलं होतं. तो किती मिळाला हे मोजायला १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांची समिती नेमावी लागली, आणि रस्ते-सिंचनाच्या तुटीला नाव पडलं अनुशेष. १९९४ मध्ये घटनेच्या ३७१(२) कलमाखाली वैधानिक विकास मंडळं आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. अनुदान मागून येतं, अनुशेष मागे राहतो.

राहता राहिली एक जोडी, आणि सगळ्यात उद्बोधक तीच. १९१९ च्या सुधारणांनी प्रांतांचा कारभार दोन भागांत वाटला. लोकांच्या मंत्र्यांकडे दिली ती 'सोपीव खाती', आणि गव्हर्नरनं आपल्याकडे ठेवली ती 'राखीव खाती'. स्थानिक स्वराज्य सोपीवात होतं, पोलीस राखीवात. सोपीव हा अस्सल मराठी घडणीचा शब्द, 'समर्पण'च्या घराण्यातला. विश्वासानं हाती देणं असा त्याचा अर्थ. विकेंद्रीकरणासाठी याहून चांगला शब्द सापडणार नाही, आणि तो मेला. मध्यप्रांतात तर लवकरच: स्वराज्य पक्षानं मंत्र्यांचे पगारच नामंजूर केले आणि १९२४ मध्ये सोपीव खातीही गव्हर्नरच्या हातात गेली.

'राखीव' मात्र जगला आणि जगता जगता पालटला. १९१९ मध्ये राखीव म्हणजे सत्ताधाऱ्यानं स्वतःसाठी दाबून ठेवलेलं. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि राखीव म्हणजे आजवर बाहेर ठेवलेल्यांसाठी राखलेलं, हा अर्थ गावोगावी पोहोचला. दलित-आदिवासींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, स्त्रियांना एक तृतीयांश; २०११ पासून महाराष्ट्रात स्त्रियांना निम्म्या. सरपंच झालेल्या कित्येक बायकांच्या खुर्चीवर आधी नवरे बसले, हे खरं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला अनेकजणी स्वतः बसल्या, हेही तितकंच खरं.

एकाच दुरुस्तीत दोन प्रकारची वाक्यं आहेत. जागा राखण्याचं वाक्य बंधनकारक आहे आणि त्यात प्रमाण ठरवून दिलं आहे. पंचायतींना अधिकार देण्याचं २४३-छ हे कलम राज्याच्या मर्जीवर आहे. विधानमंडळाला वाटलं तर देता येतील. तिथे विषय २९ मोजून दिले आहेत, वाटा किती ते दिलेलं नाही. म्हणून पहिलं वाक्य अमलात आलं आणि दुसरं भाषणात राहिलं. सक्षमीकरण, सबलीकरण, विकेंद्रीकरण असे आणखी कितीही शब्द घडवता येतील. संस्कृतात प्रत्ययांना तोटा नाही. पण साहित्यात शब्दाला अर्थ संदर्भानं येतो आणि कारभारात तो आकड्यानं येतो. 'सोपीव' शब्द पुन्हा जिवंत करायचा असेल तर त्याच्यापुढे टक्केवारी लिहावी लागेल, आणि ती वसुली वर जाण्याआधीची असावी लागेल.